टाच मारली होतीस का?

आदरणीय त्र्यंबकराव पांढरीपांडे साहेबांची आणि माझी पहिली भेट आमच्या या हिंदीभाषक शहरात, रांझीच्या रस्त्यावर, एका खड्ड्याच्या काठावर झाली. रस्तेविभागात उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता, म्हणून रुजू होऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. कारखान्याच्या पाळीला जाणाऱ्या सायकली आणि मोटारसायकली त्या खड्ड्याला वळसा घालून जात. मी मजुरांकडून त्यात डांबराची खडी टाकून घेतली, वरून फावड्याने थापटली आणि कमरेवर हात ठेवून आपलंच काम बघत उभा राहिलो. तेवढ्यात एका जुन्या स्कूटरवरून एक शिडशिडीत गृहस्थ उतरले. ते सरळ माझ्या ताज्या कामाच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि विडी विझवावी तशी त्यांनी उजवी टाच दोनदा फिरवली. त्यांच्या बुटाच्या टाचेला लोखंडी नाल होती. खडी भसाभस वर आली.

"किसने भरा है ये?" त्यांनी विचारलं. सगळे मजूर माझ्याकडे बघू लागले. माझ्या तोंडून घरची भाषा निसटली, "मेलो आता!"

"मेला नाही तू अजून," साहेब मराठीत म्हणाले. "पण यात कोणी पडलं तर त्याला काय सांगशील? उकर हे सारं."

त्या दिवशी त्यांनी मला खड्डा भरायला शिकवला. इंजिनियरिंगच्या कॉलेजात चार वर्षं घालवून मी ते शिकलो नव्हतो. खिशातून गेरूचा खडा काढून त्यांनी खड्ड्याभोवती सरळ रेघांचा चौकोन आखला. खड्डा वेडावाकडा असला तरी दुरुस्ती चौकोनीच करायची, कडा उभ्या कापायच्या, तळ झाडून काढायचा, पातळ डांबराचा हात फिरवायचा आणि मगच खडी. तीही एकदम नाही. एक थर टाका, दुरमुट चालवा, मग दुसरा थर. दुरमुट म्हणजे माती-खडी ठोकून बसवायची आपली धुम्मस, हे मराठी वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे मजूर हिंदी, अवजारं हिंदी, आणि साहेबांचं रागावणं तेवढं मराठी. सगळं झालं की शेवटी टाच. खूण उमटली नाही तरच साहेब कागदावर सही करीत. विभागात कुणीही कुठलंही काम संपवून आलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "टाच मारली होतीस का?" 'हो' म्हटलं की ते दुसरं काही विचारत नसत. शब्दावर विश्वास ठेवायची त्यांची पद्धत होती, आणि तिचा आम्हाला धाक वाटे.

साहेबांच्या अमृतमहोत्सवानिमित्त हा ग्रंथ निघत आहे. संपादक मंडळाने मला 'साहेबांचे कार्य, मूल्ये आणि स्नेह' असा विषय दिला आणि प्रत्येकाला एखाद्या प्रसंगाची जोड द्या असं सुचवलं. जोड देतो. पण शेवटचा प्रसंग त्यांच्या अपेक्षेतला नसेल. तो छापायचा नसेल तर सगळा लेखच बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

कार्याबद्दल बोलायचं तर साहेबांनी उंटावरून शेळ्या कधी हाकल्या नाहीत. आपली जमीन काळ्या मातीची. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि वरच्या डांबराला दोन्हीकडून छळते. साहेब ती माती मुठीत दाबून बघत आणि मगच ठेकेदाराशी बोलत. कार्यपालन यंत्री, म्हणजे कार्यकारी अभियंता, झाल्यावरही त्यांच्या बुटाला चिखल असे. कमानिया गेटजवळच्या एका चांभाराकडून ते दर काही महिन्यांनी नाल बदलून घेत. "बूट नवा घ्या की साहेब," असं मी एकदा म्हणालो. "बूट चांगला आहे रे, टाच झिजते," एवढंच त्यांचं उत्तर.

मूल्यांबद्दल एक गंमत सांगतो. साहेबांचं घर दीक्षितपुऱ्यात. दिव्याखाली अंधार म्हणतात तसा त्यांच्या दारासमोरच एक भलामोठा खड्डा होता. दुरुस्तीच्या यादीत आधी दवाखान्याचे रस्ते, मग शाळांचे, मग बाजाराचे, आणि अगदी शेवटी अधिकाऱ्यांच्या दारचे, असा त्यांचा क्रम होता. काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी सुमनताई, दोन वर्षं तो क्रम ऐकत आल्या. मग एका दिवाळीला त्यांनी दाराशी रांगोळी काढलीच नाही. ती काढली रस्त्यावर, त्या खड्ड्याभोवती, पट्टीने आखल्यासारखा चौकोन करून. चारही कोपऱ्यांत एकेक पणती ठेवली. साहेब दाराबाहेर आले तेव्हा मी फराळाला पोचलोच होतो.

"हे काय करून राहिलीस तू?" साहेबांनी विचारलं.

"चौकोन आखून दिला तुम्हाला," काकू म्हणाल्या. "गेरू नव्हता घरात. आता भरा."

गल्लीतली सगळी माणसं हसली आणि साहेब त्याहून जास्त हसले. पण खड्डा त्यांनी यादीतला क्रम आल्यावरच भरला. भरल्यावर टाच मात्र काकूंना मारायला लावली. काकूंची चप्पल सपाट होती, तरी त्यांनी ती जोर लावून फिरवली आणि "पास," असं जाहीर केलं.

आता स्नेहाबद्दल. माझे वडील कारखान्यात कामगार. आमचं घराणं अमरावतीकडचं, पण मी हिंदी शाळेत शिकलो. मराठी मला समजे आणि अडखळत बोलता येई, लिहिता मात्र येत नसे. गावाकडून आत्याची पत्रं येत, ती वडील वाचून दाखवीत. वडील गेल्यावर ती पत्रं तशीच पडून राहू लागली. हे काकूंना कुठून तरी कळलं. मग साहेबांकडे कामाचे कागद घेऊन गेलो की काकू आधी पाटी पुढ्यात ठेवीत. खरीखुरी दगडी पाटी. त्या एकेक वाक्य सांगत, मी लिही, त्या चुका पुसत. "काहून रे, पाण्याला वेलांटी कोणती?" असं विचारून त्या पोळी तव्यावर टाकायला जात. वर्षभरात आत्याला मी माझ्या हाताने पत्र लिहिलं. आज हा लेख मी मराठीत लिहितो आहे तो त्या पाटीच्या जोरावर. ज्यांनी ही भाषा माझ्या हातात दिली, त्यांच्याबद्दलच मला पुढचं लिहायचं आहे, आणि ते लिहायला मला तीन वर्षं लागली.

निवृत्तीनंतर साहेब घरी बसले नाहीत. ई-रिक्षा आल्या तेव्हा साहेबांचं लक्ष त्यांच्या चार्जिंगकडे गेलं. रांझीत रिक्षावाले घराच्या खिडकीतून वायर काढून रस्त्यावरून ओढत आणीत. ओल्या रस्त्यावर वायर, वायरवरून सायकली, कडेला खेळणारी मुलं. साहेब ते बघून येत आणि अर्ज लिहीत. "रस्ता म्हणजे नुसतं डांबर नाही," ते मला म्हणत. "गाडी जिथं थांबते ती जागाही रस्त्यातच आली. माणसाला पाणपोई लागते, तशी या गाड्यांना वीज लागते. आपण ती जागा दिली नाही तर लोक वायरीच ओढतील." त्यांनी किती अर्ज केले ते मी मोजले नाहीत. स्वतः एक विजेवर चालणारी स्कूटर घेतली, कारण "आपण वापरल्याबिगर लोकांना काय सांगायचं?" मागे काकू बसत. पंचाहत्तरीच्या जवळ आलेलं हे जोडपं बिनआवाजाच्या गाडीवरून बाजारात निघालं की दुकानदार हात वर करीत.

शेवटी चार्जिंगची जागा मंजूर झाली. दीक्षितपुऱ्याच्या तोंडाशी, कमानिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एक मोकळी पट्टी होती तिथे. काम माझ्याकडे आलं. वीज रस्त्याच्या पलीकडच्या रोहित्रापासून आणायची होती, म्हणजे रस्ता आडवा खोदून चर काढायचा, केबल टाकायची आणि चर बुजवायचा.

आणि इथे माझ्या डोक्यात ती कल्पना आली. येत्या गुरुवारी साहेबांचा वाढदिवस होता. बहात्तर पूर्ण. त्यांना शाल काय द्यायची, श्रीफळ काय द्यायचं? ज्या जागेसाठी ते इतकी वर्षं झगडले, ती जागाच त्या दिवशी सुरू करून द्यायची. इंजिनियरला यापेक्षा चांगली भेट कुठली? मला स्वतःचाच इतका आनंद झाला होता की दुसरं काही दिसेना.

केबल मंगळवारी पडली. आमचा मुकादम रामदीन, वीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस. बुधवारी दुपारी तो चराजवळ उभा राहून मान हलवत होता.

"साहब, मिट्टी बैठी नहीं है," तो म्हणाला. "थर लगाके दुरमुट चलाना पड़ेगा. दो दिन और दे दो."

"अरे रामदीन, कल साहब का जन्मदिन है," मी म्हणालो. "आज ऊपर से डामर मार दो. बाद में देख लेंगे."

"बड़े साहब देखेंगे तो?"

"बड़े साहब कल रिबन देखेंगे," मी म्हणालो, आणि हसलो. रामदीन हसला नाही. त्याने सांगितलं तसं केलं. चरात खोदलेली माती जशी निघाली तशी ढकलली गेली आणि वर डांबराची पातळ साय आली. संध्याकाळी तो रस्ता आरशासारखा दिसत होता. मी टाच मारली नाही. विसरलो नव्हतो. मारली तर काय होईल ते मला ठाऊक होतं, म्हणून मारली नाही.

गुरुवारचा सोहळा छोटा होता. काकूंनी बेसनाचे लाडू आणले होते. त्यांनी चार्जिंगच्या खांबाला हळदकुंकू लावलं आणि आपल्या स्कूटरची पिन स्वतःच्या हाताने खुपसली. हिरवा दिवा लागला. रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्यांना इतकं भरून आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्यांनीही कुठे टाच मारली नाही. काम माझं होतं ना.

अति घाई संकटात नेई, हे आपण रस्त्याच्या कडेला पाटीवर लिहून ठेवतो. संकट मात्र घाई करणाऱ्याच्याच वाट्याला येतं असं नाही. तीन आठवड्यांनी दोन दिवस पाऊस लागून राहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडीप मिळाली म्हणून साहेब आणि काकू स्कूटर चार्ज करायला निघाले. आत मुरलेल्या पाण्याने चराची माती खचली होती, रस्त्याला आडवी वीतभर खोल फट पडली होती, आणि ती पाण्याने भरल्यामुळे दिसत नव्हती. पुढचं चाक त्यात गेलं. साहेबांना खरचटलं. काकू कमरेवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

मी दवाखान्यात धावत गेलो. साहेब बाहेरच्या बाकावर बसले होते, हाताला पट्टी होती, बुटांना चिखल होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं,

"विलास, टाच मारली होतीस का?"

"हो साहेब," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. नेहमीप्रमाणेच दुसरं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चराजवळ गेलो. चोराच्या मनात चांदणं. कुणी बघण्याआधी आपण बघून यावं असं वाटलं. चराचा जो भाग अजून खचला नव्हता, त्यावरच्या डांबरात एक खूण होती. खोल, दोन बोटं आत गेलेली, आणि तिच्या कडेला नालेची कोर स्पष्ट उमटलेली. या शहरात तशी टाच एकाच माणसाची आहे. साहेब माझ्याही आधी तिथे येऊन गेले होते.

तिथे उभं राहून मला रडू आलं. काकूंसाठी आलं असं म्हणायला हवं, पण खरं सांगतो, ते पकडलो गेलो म्हणून आलं. मी त्याच दिवशी मजूर बोलावून सगळा चर उकरायला लावला. थर दिले, पाणी मारलं, तीन दिवस दुरमुट चालवली. ती खूण पहिल्याच फावड्यात गेली.

चौकशी झाली. मला दोन ओळींची समज मिळाली. चर नीट भरला नाही असा ठपका रामदीनवर आला आणि मस्टरवरून त्याचं नाव कमी झालं. मी त्या खोलीत होतो. मला विचारलं गेलं की मुकादमाला योग्य सूचना दिल्या होत्या का. दवाखान्यात जो शब्द मी वापरला, तोच पुन्हा वापरला. एकदा 'हो' म्हटलं की पुढचे 'हो' सोपे जातात.

साहेबांनी मला घर बंद केलं नाही. उलट मी गेलो नाही तर ते फोन करीत, "काहून रे, आला नाही आज?" काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. शस्त्रक्रिया झाली, पण त्यांना उठून चालता आलं नाही, आणि मग ताप येऊ लागला. मी उशाशी बसे. त्यांनी पाटी मागवून घेतली होती आणि आता मी एकेक वाक्य सांगे, त्या लिहीत, कारण "हात तरी चालू राहू दे." एका दुपारी त्यांनी पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या,

"त्या दिवशी मी यांना म्हणाले, पाणी दिसून राहिलं, जरा हळू घ्या. तर हे म्हणाले, इथं भिऊ नको, इथलं काम आपल्या विलासचं आहे. म्हणून ब्रेकला हात नाही लावला त्यांनी."

हे सांगून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. आपण शिकवलेलं मूल गणिताशी अडलं की आई बघते तसं. मला वाटलं, या भोळेपणाने सांगताहेत, यांना काय माहीत. मी खाली बघितलं आणि म्हणालो, "पाणी फार झालं होतं त्या दिवशी, काकू." त्यांनी "हो रे," म्हटलं आणि पाटी पुन्हा हातात घेतली.

पाच महिन्यांनी काकू गेल्या.

त्यानंतर साहेबांनी ते बूट पायात घातले नाहीत. ते दाराशी फळीवर आहेत, पुसलेले, नालेसकट. साहेब रबरी चपला घालून फिरतात. कमानिया गेटकडे जायचं तर मागच्या गल्लीने वळसा घालून जातात, त्या रस्त्याने जात नाहीत. स्कूटर त्यांनी रामदीनला देऊ केली होती. रामदीनने ती घेतली नाही. तो भाड्याची ई-रिक्षा चालवू लागला होता. ती तो रोज त्याच जागेवर चार्ज करतो, त्याच चरावरून जाऊन. मला पाहिलं की नमस्कार करतो, आणि तो नमस्कार घेणं मला जड जातं.

या ग्रंथासाठी लेख हवा म्हणून संपादक मंडळाचं पत्र आलं, तेव्हा मी साहेबांना विचारायला गेलो. दुपारची वेळ होती. ते एकटेच ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते.

"माझ्याबद्दल काय लिहून राहिला तू?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काम, साहेब. तुमची शिस्त. तुमचा स्वभाव."

"ते बाकीचे लिहितील," साहेब म्हणाले. वर्तमानपत्राची घडी घालून त्यांनी ते बाजूला ठेवलं. "तू मला दवाखान्यात 'हो' म्हणाला होतास. तुला लिहायचं असेल तर ते लिही. नाही तर माझ्याबद्दल काही लिहू नको."

मी एवढंच विचारलं, "तुम्हाला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. मग तीन वर्षं काहून नाही बोललात, साहेब?"

"मी त्याच दिवशी तुला बोलवून घेणार होतो," ते म्हणाले. "तुझ्या काकूंना येऊन सांगितलं, की टाच आत गेली. ती म्हणाली, तुम्ही विचारू नका. पोरगं आपण होऊन येईल सांगायला. मी त्याला ब्रेकचं सांगून बघते. सांगितलं ना तिने?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"वाट पाहिली रे तिने," साहेब म्हणाले. "रोज संध्याकाळी मला विचारायची, आज काही बोलला का विलास? मी नाही म्हणायचो. ती म्हणायची, उद्या बोलेल."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्यापुढे ठेवला. मी रडत होतो आणि ते माझ्या शेजारी बसून होते, काकूंच्या त्या पाच महिन्यांत मी काकूंच्या शेजारी बसायचो तसे. फरक एवढाच की त्यांच्याजवळ लपवायला काही नव्हतं.

म्हणून हे लिहिलं. या ग्रंथाच्या वाचकांपुढे, साहेबांच्या आप्तांपुढे आणि माझ्या सहकाऱ्यांपुढे सांगतो : दीक्षितपुऱ्याच्या तोंडाशी असलेला तो चर मी भरायचा तसा भरू दिला नाही. रामदीनने मला थांबवलं होतं, मी ऐकलं नाही. मी टाच मारली नव्हती, आणि मारली असं सांगितलं. काकू त्या चरात पडल्या. या मजकुराची एक प्रत सही करून मी कार्यालयात दिली आहे. माझं जे व्हायचं ते होईल. रामदीनला मी घरी जाऊन सांगितलं. त्याने रिक्षा पुसता पुसता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भैया, हमको तो मालूम था. आपको बोलने में देर लगी." मग त्याने मला बसायला सांगितलं आणि घरात चहा टाकायला सांगितला. मस्टरवर परत यायचं की नाही ते तो ठरवणार आहे. मी त्याला आग्रह केला नाही.

गौरवलेखात माणसाचे गुण सांगायचे असतात. साहेबांचे गुण बाकीच्या लेखांत वाचायला मिळतील, आणि ते सगळे खरे आहेत. मला एकच माहीत आहे. ज्या माणसाच्या शब्दावर विसंबून त्यांनी ब्रेकला हात लावला नाही, त्या माणसाचा शब्द खोटा निघाल्यावरही त्यांनी त्याच्याकडून खऱ्या शब्दाची वाट पाहायचं सोडलं नाही. माझी लायकी नव्हती. काकूंची ती वाट मी वाया घालवली, आणि ते आता कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. साहेबांची वाट अजून वाया गेलेली नाही.

साहेब, आपण पंचाहत्तर वर्षांचे होत आहात. आपल्याला आरोग्य लाभो, गुडघे धड राहोत, डोळ्यांना वर्तमानपत्र दिसत राहो, आणि अजून पुष्कळ वर्षं या शहरातले इंजिनियर आपल्याला बघून चळचळ कापोत. माझं एक मागणं आहे. समारंभाच्या दिवशी सभागृहात जाण्याआधी मी आपल्या दाराशी येईन. फळीवरचे ते बूट मी आपल्या पायात चढवीन. मागच्या गल्लीने नाही, सरळ रस्त्याने जाऊ. माझ्या खांद्यावर हात ठेवा. तो चर मी पुन्हा भरला त्याला तीन वर्षं होत आली. त्यावरून रोज रिक्षा जातात आणि तो कुठे खचलेला नाही. पण त्यावर मी अजून टाच मारलेली नाही. ते काम आपल्यासाठी ठेवलं आहे. आपण मारा, आणि मग मला तोच प्रश्न विचारा. या वेळी उत्तर खरं असेल.